‘थांबा’ म्हणायचा हक्क

४ फेब्रुवारी, सकाळी ७
काल परदेशातून परतलो. दहा दिवस तिथल्या नर्सेसचं ट्रॉमा ट्रेनिंग पाहिलं. काचेबाहेरून पाहिलं, पण काच अगदी स्वच्छ होती. मुख्य धडा: अपघाताचा पेशंट टेबलावर असताना सगळ्यात ज्युनिअर नर्स जरी ‘थांबा’ म्हणाली, तरी सर्जनचा हात जागच्या जागी थांबतो. काय शिस्त! आपल्या हॉस्पिटलात महिनाभरात हेच करून दाखवणार. ट्रेनिंगचा प्रमुख अर्थात मीच होणार, सर्जन आहे शेवटी.

६ फेब्रुवारी
पहिलं लेक्चर. स्लाइड्स एकशे बारा. चाळिसाव्या स्लाइडला दोघी पेंगल्या. नाइट ड्युटी करून आल्या होत्या म्हणे. तिथे कुणी पेंगत नव्हतं! कॅज्युअल्टीच्या मोठ्या सिस्टरनी विचारलं, तिथे एका पेशंटमागे नर्स किती? पाच. आपल्याकडे पाच पेशंटमागे एक, म्हणाल्या. विषयाला फाटे फोडण्यात बाई पटाईत आहेत.

९ फेब्रुवारी
डमीवर सराव. मी मानेचा पट्टा चढवत होतो, तर धाकटी सिस्टर ‘थांबा’ म्हणाली. सगळ्यांसमोर! पट्टा उलटा आहे म्हणे. होता. प्रश्न तो नाही. लगेच मेमो दिला, लेखी खुलासा मागवला. घरी बायको विचारते, मग त्या पोरीने ‘थांबा’ म्हणायचं तरी कधी? डोकंच फिरलं. गरज असेल तेव्हा, म्हटलं.

१३ फेब्रुवारी
मेमोचा गुण आला. चार दिवसांत एकीनेही तोंड उघडलेलं नाही. शिस्त अंगी मुरतेय.

१६ फेब्रुवारी, दुपारी
ट्रकने उडवलेला एक सुतार आणला. उजव्या फुप्फुसाभोवती हवा भरलेली. ती काढायची नळी घालायला मी पेशंटच्या डाव्या बाजूला चीर देणार, तोच मोठ्या सिस्टर धावत आल्या आणि माझं मनगट धरलं. धरलं! समोर उभं राहिलं की पेशंटचं उजवं आपल्या डावीकडे येतं, हे कुणी ध्यानातच घेत नाही.

सुतार वाचला. नंतर धाकटीला झापलं, तू शेजारीच होतीस, बोलली का नाहीस? ती म्हणाली, सर, आधीच्या ‘थांबा’चा खुलासा अजून लिहून व्हायचाय. अंगाचा तिळपापड झाला.

२० फेब्रुवारी
अधीक्षकांनी ट्रेनिंग मोठ्या सिस्टरकडे सोपवलं. ज्यांनी विमानतळही पाहिलेला नाही त्यांच्याकडे! मी हजर राहायचं, असा हुकूम. गेलो. काम मिळालं बेशुद्ध पेशंटचं. पाऊण तास टेबलावर पडून होतो. धाकटी दोनदा ‘थांबा’ म्हणाली. मोठ्या सिस्टर दोन्ही वेळा थांबल्या, वर शाबासकी दिली. मग मीही ‘थांबा’ म्हटलं.

बेशुद्ध पेशंट बोलत नसतो, म्हणाल्या.