मदतकार्याचा फ्लेक्स

१९ मे, सकाळी ६.१०
वादळ ओसरले. येथे उमरोळीत आमची केवळ एक केळ आडवी झाली. दातिवऱ्यात मात्र कन्या सुलू हिच्या घराचे पत्रे उडाले. तिचा फोन आला, "बाबा, फक्त ताडपत्री पाठवा. बाकी काय नको." मुलगी संकोची आहे. संकोची माणूस कमी मागतो. सुज्ञाने न मागितलेलेही ओळखावे. संकल्प : समस्त दातिवऱ्यास वस्त्रदान.

पत्नी सुगंधा म्हणाली, "पोरीने मागितलं तेवढं द्या की!" तिला नियोजन समजत नाही. मी इयत्ता चौथीत वर्गात पहिला होतो.

२० मे
बोईसरच्या सोसायट्यांतून चौदा गोणी कपडे जमा. स्वेटर विपुल. तीन शेरवान्या. टाय. एकेकटे मोजे. "मे महिन्यात स्वेटर?" असे पत्नीने विचारले. यंदा हिवाळा येणारच नाही, असे तिला वाटते काय?

सायंकाळी
ताडपत्री आणण्यास निघालो. वाटेत फ्लेक्सवाला लागला. बारा बाय आठ फूट, माझे छायाचित्र, हात जोडलेले. मजकूर : "आपद्ग्रस्तांचे आधारस्तंभ श्री. विश्राम धर्मा राऊत (इयत्ता चौथी, प्रथम क्रमांक)". छपाईस विलंब झाला. ताडपत्रीचे दुकान बंद. उद्या अवश्य.

२१ मे, सकाळी
दुकानदार म्हणाला, "काका, काल होत्या. आज एकपण नाय." याला म्हणतात नियोजनाचा अभाव.

सुलूचा फोन. आभाळ पुन्हा भरले आहे, तान्ही नात स्वरा उघड्यावर आहे, ताडपत्री निघाली का? मी उत्तरलो, "त्याहून मोठे काही निघाले आहे."

दुपारी २
फ्लेक्स बांधलेला टेम्पो दातिवऱ्याच्या वेशीवर मागे घेताना खड्ड्यात गेला. चालक दिपेश म्हणतो, "काका, तुमच्या फोटोने आरसा झाकला, मागचं काय दिसेल?" मागे विजेच्या खांबांचा ट्रक अडकला. त्यातील मंडळींचे उद्गार येथे नोंदवीत नाही. ग्रामस्थ छपरांची कामे टाकून धावत आले. वीस माणसे! असे स्वागत मंत्र्यांचेही होत नसेल.

सायंकाळी ५
गोण्या उघडल्या. विहीणबाई रखमाबाईंनी एक टाय उचलला. "व्याहीबुवा, याने म्हस बांधू काय?" मग ताडपत्री मागितली. मी नियोजन समजावून सांगू लागलो, तोच थेंब पडू लागले. सुलू टेम्पोकडे गेली, फ्लेक्स ओरबाडून काढला आणि शिडी मागितली.

२२ मे, सकाळी ६
रात्री पाऊस कोसळला. स्वरावर थेंबही पडला नाही. छपाईची बाजू घाईत आत आली आहे. म्हणजे मी माझ्याच जोडलेल्या हातांखाली निजलो. चहा देताना रखमाबाई म्हणाल्या, "अजून पाच घरं उघडी हायत. तुमचे फोटो अजून हायत काय?"

नव्हते.

सकाळी ६.४०
स्वरा जागी झाली. वर पाहिले. किंचाळली. थांबेना. अखेर सुलूने शिडीवर चढून माझ्या मुखावर एक स्वेटर टाचला. पोर तत्काळ शांत झाली.

चौदा गोण्यांपैकी तेवढा एक स्वेटर कामी आला. उर्वरित टेम्पोत परत भरत आहे.