हिवाळ्यातलं वैराग्य

१८ डिसेंबर, बुधवार

लिही गं निवेदिता, आणि सुधारू नकोस. मी बोलते तसंच. डॉक्टरांनी सांगितलंय, रोज कसं वाटतं ते लिहून ठेवा. आमचे हे वेदपाठशाळेचे गुरुजी, आणि त्यांच्या बायकोला अक्षर येत नाही. तेव्हा सुनेच्या हाताने माझी रोजनिशी. बँकेतून दमून आली आहे, तोंड वाकडं आहे. तेही लिही.

धुकं पडलं की मी भिंतीकडे तोंड करून बसते. जेवत नाही, बोलत नाही. गंगेवरच्या रामघाटाच्या पायऱ्या दिसल्या तरी छातीत धडधडतं. गल्ली म्हणते, काकूंना वैराग्य आलं. बायका पाया पडतात, तिळाचे लाडू ठेवून जातात. दर हिवाळ्यात मी संत, होळीला पुन्हा भांडखोर.

डॉक्टर म्हणाला, "माताजी, कब से ऐसा है?" म्हटलं, "बेटा, तब तू पैदा भी नहीं हुआ था." हसला नाही. गोळी दिली. वैराग्यावर गोळी निघाली आहे, गल्लीत सांगू नकोस.

१९ डिसेंबर

मळमळ. बाकी भिंत आहे तिथेच.

२१ डिसेंबर

हे गोळ्यांची पट्टी हातात घेऊन उभे. "काशीत राहून उदास व्हायला काय झालं? लोक जन्मभर तप करतात तेव्हा वैराग्य मिळतं. तू गोळी खाऊन घालवतेस?"

म्हटलं, "तुम्हाला हवं तर माझं घ्या. मला पुरे झालं."

ह्यांचं स्वतःचं चातुर्मासाचं मौन असतं. पाऊस सुरू झाला की माडीवर एकटे. शब्द नाही, पाठशाळेलाही सुट्टी. जेवणाचं ताट निम्मं परत येतं. लोक लांबून दर्शनाला येतात. मला मात्र तेवढीच चार महिने शांतता.

२७ डिसेंबर

तोंडाला कोरड, झोप नाही, धडधड आणखीच वाढली. गोळी फेकणार होते. डॉक्टर फोनवर म्हणाला, आपल्या मनाने बंद करू नका, गुण यायला तीन-चार आठवडे लागतात.

हे लिही, पेन थांबवू नकोस. गेल्या पौषात एका सकाळी घाट उतरत होते. वाटलं, पाणी आलं तरी थांबू नये. होडीतून एका मल्लाहाने हाक मारली, "चाची, नाव चाहिए?" मी भाव विचारला. सवयीने. घासाघीस करता करता उजाडलं, आणि घरी आले.

डॉक्टरांना सांगितलं आहे. ह्यांना नाही. म्हणून गोळी घ्यायची. पुन्हा तसा हिवाळा नको.

रडतेस कशाला, कागद भिजतोय.

६ जानेवारी

आज काही नाही. म्हणजे वाईटही नाही.

१० जानेवारी

धुकं तेवढंच दाट, पण भूक लागली! चुडा-मटर, म्हणजे इथले मटार घातलेले पोहे, दोनदा मागून घेतलं. मीठ कमी होतं, तेही सांगितलं. निवेदिता म्हणाली, "आई, बऱ्या झालात." मीठ खरंच कमी होतं.

१४ जानेवारी, संक्रांत

शेजारची इंदू नव्या दोन बायकांना घेऊन माझ्या पाया पडायला आली. मी म्हटलं, "इंदू, माझी चाळणी नेलीस ती कधी देणार?" बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. संतपण गेलं. लाडूही गेले, इंदू डबा परत घेऊन गेली.

दुपारी निवेदिताचा हात धरून घाटावर. थोड्या पायऱ्या उतरले. धडधडलं, बसले, मग ऊन नसताना ऊन खाल्ल्यासारखं करून परत आले.

१९ जानेवारी

सकाळी मेथी निवडत होते. हे समोर येऊन बसले. एक जुडी ओढून घेतली, निवडता येत नाही तरी. बराच वेळ काड्या आणि पानं एकाच ढिगात टाकत राहिले. मग खाली बघूनच विचारलं, "ती गोळी पावसाळ्यातही चालते का?"