मामींच्या टाचा

१७ एप्रिल
पुरवणीच्या डेस्कवरून फोन. ‘घरच्या घरी पायांची निगा’, सातशे शब्द, गुरुवारी दुपारपर्यंत. उन्हाळा आला की हा विषय येतोच. निवृत्त झालो तरी घरगुती उपायांचं सदर माझ्याच गळ्यात राहिलंय.

या वेळी विचारायला लांब जायला नको. मामी घरातच आहेत. मामी म्हणजे सुनंदाची आई. मामा गेल्यावर किल्लारीकडच्या घराला कुलूप लावून त्यांना इकडे नांदेडला आणलं. सुनंदा सोमवार ते शनिवार लातूरला, बँकेत. म्हणजे आठवडाभर घरात सासू आणि जावई. दोघंही एकमेकांना दबकून.

‘मामी, टाचेच्या भेगांना काय लावायचं?’
पदर सावरला. ‘पेपरात घालायलाव का, पाव्हणं?’
‘हाव.’
‘मग माझं नाव घालू नका.’
लग्नाला तीस वर्षं उलटली. अजून पाव्हणाच आहे मी.

१९ एप्रिल
काल त्यांनी मलम करून दाखवलं. तिळाचं तेल कोमट करायचं, त्यात मेण विरघळवायचं, राळेची पूड वस्त्रगाळ करून टाकायची आणि हलवत राहायचं. थंड पाण्याच्या वाडग्यात ओतलं की लोण्यासारखं थिजतं. घर राळेच्या वासानं भरलं. आज सु. घरी आहे, तिनं खिडक्या उघडल्या.

मामींच्या लेखी मात्र हे मलम नाजूक लोकांचं. ‘खरी भेग बिब्ब्यानंच मिटती. सुईला टोचायचा, दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की भेगंत सोडायचं.’
‘जळत नाही का?’
‘जळतंय की. जळलं की समजायचं, लागू पडलं.’
लेखात मलम घेतलं, बिब्बा सोडला. सातशे शब्दांत बसला नसता.

२३ एप्रिल
लेख पाठवला. वेळेआधी तासभर. कोमट पाणी, वजरी हलक्या हातानं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, मलम. स्वच्छ झालाय.

२७ एप्रिल
सकाळी स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत फरशीवर ओलसर डाग. पाणी सांडलं असेल म्हणून पुसायला गेलो तर फडकं चिकटलं. नीट पाहिलं, अर्ध्या टाचेचा ठसा. पुढं तसाच दुसरा, तिसरा.

मामी देवघरात लिंगपूजेला बसलेल्या. कपाळाला विभूती, पाय लुगड्याच्या घोळात गुडूप.
‘मामी, पायाला काय झालंय?’
‘काय न्हाई. पाणी सांडलंय.’
‘बघू जरा.’
घोळ आणखी आत ओढला. ‘जावयानं सासूच्या पायाला हात लावायचा नसतोय. उठा तुम्ही.’
उठलो. सु.ला फोन केला. उद्या पहिल्या गाडीनं निघते म्हणाली.

२८ एप्रिल
सु. आली ती पिशवी खांद्यावर तशीच आईच्या पायाशी बसली. मी दारात. डाव्या टाचेवर बिब्बा उतलेला, कातडं सुटलेलं, कडा काळ्या. वास येत होता.

बिब्बा कुठून आणला? बटव्यातला, गावाहून आणलेला. मी दुपारी पडायचो तेव्हा देवघरात बसून हे चाललेलं.
‘आई, अगं इतका कशाला लावलास?’
‘जळंनाच की गं. मनून अजून लावला.’
सु.नं तिथूनच दवाखान्यात उद्याची वेळ घेतली.

२९ एप्रिल
डॉक्टरबाई वयानं आमच्या मुलीसारख्या. साखर भरपूर वाढलेली. मामींना ठाऊक होतं, ‘थोडीशी हाय’ म्हणत आलेल्या.

मग परीक्षा. डोळे मिटायचे, बाई तंगुसाचा, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचा, तुकडा तळव्याला टेकवणार, लागलं की हाव म्हणायचं. मामी पटापट हाव म्हणत होत्या. बाई थांबल्या, हातातल्या किणकिणणाऱ्या बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या आणि पुन्हा सुरुवात केली. आता मामी गप्प. तळव्याच्या मधल्या खोलगट भागात टेकवलं तेव्हा तेवढं हाव आलं. टाच आणि अंगठा, काही नाही.

‘आजी, पाय बधिर झालाय. चटका बसला, काटा गेला तरी तुम्हाला कळणार नाही. म्हणून दुसऱ्या कुणीतरी रोज बघायचा. जखमेवर घरचं काहीही लावायचं नाही. अनवाणी एक पाऊल नाही, घरातसुद्धा नाही. हयगय झाली तर पाय जाऊ शकतो.’

हे एवढं ऐकून मामींचा प्रश्न एकच. ‘गावाकडं कवा जाऊ?’
‘जखम भरली की. आणि तिथं पाय बघणारं कुणी असेल तर.’
तिथं कोण आहे? भूकंपानंतर मिळालेलं दोन खोल्यांचं घर, दारात लिंब. बस.

२ मे
चार दिवस सु.नंच पट्टी केली. सलाइनच्या पाण्यानं धुणं, कोरडं टिपणं, गॉज, वर पट्टी. मी दारातून पाहून शिकलो. उद्या ती जाणार. बँकेत ऑडिट, आणखी रजा नाही. पट्टीवाली बाई लावावी म्हटलं, तर मामी म्हणाल्या, ‘परक्या बाईला कशाला? माझं मी करते.’

५ मे
माझा दाढीचा आरसा मामींनी जमिनीवर तिरका ठेवलाय. गुडघा वळत नाही, एका डोळ्यात मोतीबिंदू. आरशात काय दिसत असेल, देव जाणे.
‘कशी आहे?’
‘बेस हाय.’
पट्टी घोट्यावर बांधलेली. टाच मोकळीच.

६ मे
तरी पट्टीवाली बाई बोलावली होती. मी भाजी घेऊन येईपर्यंत मामींनी तिला चहा पाजून, तिच्या लेकराबाळांची चौकशी करून पाठवून दिलेलं. पाय दाखवलाच नाही. फाटकाशी गाठ पडली तेव्हा बाई मला म्हणाली, ‘आजी लई प्रेमळ हायत.’

८ मे
आज स्पष्ट बोललो. आवाज न चढवता, पण स्पष्ट.
‘डॉक्टरबाईंना पाय दिला की नाही तुम्ही?’
‘त्या डॉक्टर हायत.’
‘मग मी काय वेगळं करणार आहे?’
‘तुम्ही जावई हाव. मांडवात तुमचे पाय आम्ही दोघांनी धुतलेत, दूध घालून. आन आता तुम्ही माझी टाच धुणार? वर गेल्यावर त्यांला काय सांगू मी?’
त्यांला म्हणजे मामांना. मी जेवायला वाढलं.

११ मे
दवाखाना. जखम तशीच, एका कडेला आत सरकलेली. बाई मामींशी नाही, माझ्याशी बोलल्या. ‘पंधरा दिवस देते. सुधारली नाही तर भरती. मग किती कापावं लागेल ते तेव्हा बघू.’

रिक्षात मामी म्हणाल्या, ‘काय मनल्या?’
जसंच्या तसं सांगितलं. बातमी मऊ करायची सवय मला कधीच नव्हती.
घर आल्यावर म्हणाल्या, ‘सुनंदाला सांगू नका.’
सांगितलं. आता रोज बँकेतून सुटली की शेवटची गाडी पकडून येणार, पट्टी करणार, पहाटेच्या गाडीनं परत. येताना अहमदपूरपर्यंत उभं राहणं, जाताना लोह्यापर्यंत झोप. असं किती दिवस चालणार.

१७ मे
अधिक महिना लागला. मामींना एकदम उभारी. धोंड्याचं जेवण घालायचं, जावयाचे पाय धुवायचे. दर अधिकात गावाकडे जायचो, या वेळी इथंच.
‘येत्या आइतवारी. पुरण मी वाटते. सुनंदा आणील तुमचं धोतर.’
मी हो म्हटलं. नंतर खिडकीशी बसून विचार करत राहिलो. बातमीदारीत एक शिकलो, समोरच्याला द्यायचंय ते घेतलं की त्याच्याकडचं मागता येतं.

२४ मे
पाटावर बसलो. समोर पितळी परात, कोमट पाणी. मामी स्टुलावर, पाय पट्टीत. त्यांना खाली बसू द्यायचं नाही हे आधीच ठरलेलं, म्हणून पाटच चौरंगावर चढवला. सु.च्या मते मी सत्यनारायणाच्या फोटोसारखा दिसत होतो.

मी पाय पुढे केले नाहीत.
‘मामी, एक मागायचंय. धोंड्याचं वाण म्हणून.’
‘मागा की. अंगठी तर आमच्यानं व्हायची न्हाई.’
‘अंगठी नको. तुमचा पाय रोज मी बघणार.’
सु. स्वयंपाकघरातून बाहेर आली. मामींनी तांब्या खाली ठेवला. रागावल्या असं वाटलं. मग माझा पाय ओढून परातीत घेतला, पाणी घातलं, हात फिरवला आणि थांबल्या. पाय उलटा केला.
‘ह्या टाचा हायत का भाकरीचा तवा?’
पाहिलंच नव्हतं मी कधी. भेगा बोटभर.
‘पेपरात लोकांला शिकवायलाव, कोमट पाणी आन मलम. आन सोताचं हे? सुनंदे, बग तरी तुझ्या नवऱ्याचं.’
सु. हसत भिंतीला टेकली. मामींनी त्यांचं मलम मागवलं, दोन्ही टाचांत दाबून भरलं, चांगलं रगडून. मग मोजे घालायला लावले. मे महिन्यात.
‘आता रोज सांजच्याला. आधी तुमचे पाय, मग माझे. तवा फिटतंय. फुकट न्हाई हात लावू देणार.’
धोंडे बरे झाले होते. पुरण जरा कडक.

२६ मे
पहिल्यांदाच मी एकट्यानं. आधी माझे पाय, ठरल्याप्रमाणे. मग त्यांनी स्टुलावर पाय ठेवला आणि मान भिंतीकडे वळवली. पदर तोंडावर.

पाय लहान आहे, माझ्या वितेएवढा. मधल्या बोटांवर जोडव्यांच्या जागी पांढऱ्या खाचा. धुतलं, टिपलं, गॉज लावला. बेचक्यांत ओल राहिली नाही ना, ते पाहिलं.
‘झालं का?’
‘झालं.’
‘देवा.’ एवढंच.
दवाखान्यात फोटो पाठवला. बाईंचं उत्तर, ‘किंचित बरी. भरती नको. चालू ठेवा.’

१ जून
चपलांचा तह. घरात चप्पल घालतात, पण देवघराच्या उंबऱ्याशी काढायच्या. तेवढी चार पावलं अनवाणी. मी कापडी सपाता आणल्या, फक्त देवघरापुरत्या, कोऱ्या. ‘चामडं न्हाई न्हवं?’ वास घेऊन पाहिला. मग विभूतीचं बोट सपातांनाही लावलं.

चपला घालताना आधी आत हात घालून बघायचं हेही शिकल्या. काल आत चिंचोका सापडला. मला दाखवायला बाहेर आल्या, नाक मुरडून म्हणाल्या, ‘ह्यो बगा तुमचा शत्रू.’

५ जून
डेस्कला फोन केला. बधिर पाय, बिब्बा, यावर लिहितो म्हटलं. ‘पाय झाले की सर एप्रिलमध्ये. केस द्या ना, पावसाळ्यातले केस.’ केस दिले. सहाशे ऐंशी शब्द केसांवर आणि शेवटचा परिच्छेद पायांचा: साखर असेल तर बिब्बा नको, जळत नाही म्हणून तर मुळीच नको. कापला तर कापला.

८ जून
कापला नाही. केसांच्या खाली तळवा छापून आलाय. मामींनी माझ्याकडून वाचून घेतला. ‘नाव न्हाई घातलं न्हवं?’
‘नाही.’
‘बरं केलं.’ जरा वेळानं, ‘एक आज्जी, असं तरी घालायचं.’

१२ जून
जखम मसुरीच्या डाळीएवढी राहिली. माझ्या टाचा गुळगुळीत. सु. म्हणते, मला कळत नाही यातला रुग्ण कोण.

संध्याकाळी मामींनीच परीक्षा घ्यायला लावली. डॉक्टरबाईंनी घरी दिलेला, खिळ्याला टांगलेला तंगूस काढून दिला आणि डोळे मिटले. मी टाचेजवळ नेला.
‘हाव.’
अजून टेकवला नव्हता.
मग टेकवला. काही नाही. अंगठ्याला टेकवला, काही नाही. मधल्या खोलगट भागात गेलो तेव्हा पाय झटकला, ‘गुदगुल्या व्हायल्यात.’
‘पास झाले का?’
‘डॉक्टरबाईंना विचारू.’
डोळे उघडून माझ्याकडे नीट पाहिलं. ‘तुम्हाला खोटं बोलता येईना, पाव्हणं.’

१६ जून
अधिक संपला. दवाखाना झाला. जखम भरत आलीये, आठवड्यात मिटेल. बधिरपणा तसाच, बहुतेक तसाच राहील. गावाकडे जायला हरकत नाही, ‘पण रोज बघणारं कुणी हवं.’ पुन्हा तेच.

सांजच्याला माझ्या टाचांना मलम लावता लावता मामी म्हणाल्या,
‘तुमचं ते लिव्हायचं काम. कुठंबी बसून होतंय न्हवं?’
‘होतं.’
‘आमच्या तिकडं आता मोबाइलला रेंज येती. लिंबाखाली तर लईच.’
मी दुसरा पाय पुढे केला.
‘सुनंदाला तिथून लातूर जवळच. रोज घरी यील. रिटायर होईस्तवर तरी.’
‘मामी, साठी उलटल्यावर घरजावई करता का मला?’
‘त्यात काय. पाय तेवढे मी बगते तुमचे.’

मामींनी मलमाच्या डबीचं झाकण लावलं, हात पुसले. सु. शनिवारी येईल. तिला काय सांगायचं ते माझं मलाच अजून कळेना. लिंबाखाली खुर्ची बरी बसेल का, असा विचार मात्र मनात येऊन गेला.

‘आधी पाय द्या इकडं,’ म्हटलं.
दिला. आज मान भिंतीकडे वळवली नाही.