दातात दुमडलेला दात

प्रिय आई,

नमस्कार. आम्ही सुखरूप आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात?

तुझ्या नातीचा पुढचा दात थंड पाण्याने ठणकायचा, म्हणून दाखवला. घडतानाच तो आत दुमडलाय आणि मागे बारीक खळगा राहिलाय. "शंभरात दोन-चार जणांना असतो, घाबरू नका," असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी खळगा बुजवला. ती आता सगळं खाते. पण त्या खळग्यातून कीड आधीच मुळापर्यंत पोचली का, ते महिन्याभराने कळेल.

घरात आणखी कुणाला होता का, असंही त्यांनी विचारलं. तुझा तोच दात लहानपणी गेला ना? तुला बोल लावत नाही गं. पण दादाच्या धाकटीचे दात दुखायच्या आधी दाखवा. शंभरात चार असोत, आपल्या घरात तिसरी नको.

दाखवलं की लगेच कळव.

तुझी थोरली