मंगेश सोडून सगळे

१ जुलै, मंगळवार

रुजू झाले. खुर्ची डुगडुगते. दारावर 'क्रीडा संचालक' अशी पाटी आहे आणि खाली आधीच्या सरांचं नाव तसंच. शिपायाला म्हटलं, पुसा. म्हणाला, "रंग आला का पुसतो मॅडम." म्हणजे दिवाळी.

लाखांदूरचं कॉलेज लहान, पण मैदान केवढं! भंडाऱ्याच्या आमच्या निवासी क्रीडा शाळेत असं मैदान स्वप्नातही नव्हतं. इथं अर्ध्यात पाणी साचलंय, अर्ध्यात बकऱ्या चरतात. तरी माझं आहे.

संस्थेच्या अध्यक्षांनी चहा पाजला. मुलींची कबड्डी उभी करा म्हणाले. दोन प्रशिक्षक आणि वसतिगृहाला एक बाई घेता येईल, माणसं मीच निवडायची. इतकं मोकळं सहसा कुणी सोडत नाही. निघताना मात्र म्हणाले, "माणसं तुमची, तं निकालबी तुमचाच."

४ जुलै

ठरलं. जुन्या शाळेतलीच माणसं आणायची. नव्या माणसाला माझी पद्धत समजावण्यात वर्ष जातं.

टेकचंद हवाच. मुलींना पकड शिकवावी तर त्यानं. बोलणं कमी — "हो मॅडम" म्हणतो आणि काम झालेलं असतं. दुसरी दामिनी. व्यायाम, धावणं, दुखणीखुपणी तिच्याकडे. माझीच विद्यार्थिनी, नजरेनं समजते. वसतिगृहाला शकुनबाई. शाळेचं स्वयंपाकघर तिनंच सांभाळलं. पोरगी कुशीवर वळली तरी तिला कळतं काय दुखतंय.

राहिला मंगेश. त्याला आणत नाही.

प्रशिक्षक म्हणून तो चांगला आहे, हे लिहून ठेवते, नाहीतर माझंच मन मला खाईल. पण रोज सकाळी दारात उभा! "मॅडम, एक बोलाचं होतं." एक कधीच नसायचं. पहाटेचा सराव नको. परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी द्या. अमकीचा घोटा दुखतो, तिला बसवा. शकुनबाईला हाताखाली बाई द्या — अरे, शकुनबाईची काही तक्रार नाही, तुझ्या पोटात का दुखतं? आमची जुंपली की टेकचंद आणि दामिनी बाजूला मान खाली घालून उभे असायचे. मलाच त्यांची दया यायची. रोज सकाळी बिचाऱ्यांनी हे ऐकायचं.

आता शांतता पाहिजे.

६ जुलै

भंडाऱ्याला जाऊन तिघांना सांगितलं. तिघंही तयार. टेकचंदनं विचारलं, "मंगेश सर?" म्हटलं, नाही. मान खाजवत म्हणाला, "बरं."

दामिनीनंही तेच विचारलं. शकुनबाईनंही. सवयीचा परिणाम. जाईल हळूहळू.

रात्री भंडाऱ्याच्या घरी जेवताना धनराज म्हणाला, "तुझ्याशी भांडणारा एकच माणूस होता, थो बी सोडला? आता सारं माह्यावर येईन." नवऱ्यानं विनोद करू नयेत.

८ जुलै

मंगेशचा फोन. अभिनंदन केलं. मग म्हणाला, "मॅडम, माह्याबिगर जमंन का तुमचं?" काय हा तोरा! म्हटलं, बघूच.

२१ जुलै

तिघंही आले. टेकचंदनं बायको-मुलांसकट इथं खोली केली, शाळेतली नोकरी सोडून. मला जरा धास्तीच वाटली. पण तो म्हणाला, "तुमी हाय ना मॅडम." बस, एवढंच. अशी माणसं मिळायला नशीब लागतं.

मुली मात्र अर्ध्याच. बाकीच्या धानाच्या रोवणीला. चिखलात दिवसभर वाकून आलेल्या पोरीला संध्याकाळी काय पळवणार? रोवणी संपेपर्यंत थांबायचं.

२ ऑगस्ट

टीम दिसायला लागली. चढाईला रिंकू. पातळ, काळीसावळी, डोळे सारखे जमिनीवर — आणि चढाईला गेली की समोरच्यांना कळायच्या आत हात लावून परत. तिचा दम तर काय सांगावा. वडील फकिरा, ढिवर, गावच्या तलावात मासे धरतात, शिंगाडे लावतात. ही लहानपणापासून त्यांच्याबरोबर पाण्यात. डुबकी मारून मारून तयार झालेला दम आहे तो, मैदानावर शिकवून येत नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

डोकं फिरलं आज. सरावात रिंकू भेलकांडली. विचारलं तर श्रावण सोमवार! सकाळपासून पाण्यावर. शकुनबाईला पोळी आणायला लावली आणि सगळ्यांसमोर उभं राहून तिला खायला घातली. म्हटलं, उपास करायचे तर देवळात जाऊन बसा. मैदानावर माझ्यासमोर उपाशी कुणी दिसलं तर टीमबाहेर. ऐकून घेतलंत सगळ्यांनी?

सगळ्यांनी ऐकलं. टेकचंद, दामिनीनंही. जरा जास्त बोलले असेन, पण दुसरा उपाय नव्हता. रिंकूला घास गिळवत नव्हता ते आठवतंय.

२० ऑगस्ट

शांत दिवस. दारात कुणी नाही.

२ सप्टेंबर

अध्यक्षांनी बोलावलं. भाचा बसला होता शेजारी, शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेला, कडक इस्त्रीचा. अध्यक्ष म्हणाले, विद्यापीठाच्या स्पर्धेत उपांत्य फेरी गाठा. नाही जमलं तर टेकचंद आणि दामिनी दिवाळीपर्यंत, मग त्यांची माणसं येतील. इतकं सरळ. भाचा टेबलावरचा पेपरवेट फिरवत होता.

मैदानावर दोघांना सांगितलं. दामिनीचा चेहरा उतरला. टेकचंद म्हणाला, "हो मॅडम." जवळच मुली पायाला तेल चोळत बसल्या होत्या. ऐकलंच असणार.

१५ सप्टेंबर

मुली झपाटल्यासारख्या खेळतायत. सांगावं लागत नाही. संध्याकाळी थांबवावं लागतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. पाच दिवसांवर स्पर्धा. मुलींना पुन्हा बजावलं, नवरात्र आहे, पण माझा नियम माहीत आहे ना? "हो मॅडम" — एका सुरात. शाबास.

२४ सप्टेंबर

फकिरानं पोतंभर शिंगाडे पाठवले, पहिल्या तोडणीचे. शकुनबाईनं उकडले. मीही चार खाल्ले, काय गोड! स्वयंपाकघरामागे सालींचा हा ढीग. पोरी तुटून पडल्या असणार. शकुनबाईला विचारलं, जेवतात ना नीट? "खाल्लं बाई, खाल्लं," म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

दामिनी दारात येऊन उभी. "मॅडम..." म्हटलं, बोल. "काही नाही. बूट आले का विचारत होती." बूट तर तिच्याच खोलीत आहेत. कामाच्या ताणानं विसरली असेल.

२५ सप्टेंबर

टेकचंद म्हणाला, "सराव थोडा कमी करू का?" आता? स्पर्धा तोंडावर? म्हटलं, नाही. "हो मॅडम."

२७ सप्टेंबर, शनिवार. भंडारा

पहिला सामना जिंकलो. सहज नाही, पण जिंकलो. मुली मुक्कामाच्या हॉलवर गेल्या गेल्या झोपल्या. घरी धनराजनं दुकानातून पेढे आणून ठेवले होते. म्हटलं, उद्यानंतर.

२८ सप्टेंबर, रविवार

हरलो.

उपांत्यपूर्व सामना. मध्यंतराला आम्ही चांगलेच पुढे होतो, लोण चढवला होता समोरच्यांवर. अध्यक्ष खुर्चीत बसल्या बसल्या मान डोलावत होते. मध्यंतरानंतर कुणाच्या पायात जीवच राहिला नाही. पकडीला हात जाई पण पोहोचेना. रिंकू चढाईला गेली आणि समोरच्या अंगणात तिचा दम तुटला. रिंकूचा! मध्यरेषेपर्यंतही आली नाही. गुडघ्यावर बसली, दोन्ही हात मातीत. मला वाटलं दुखापत. धावत गेले तर म्हणते, "काही नाही मॅडम, डोयापुढं अंधारी आली." तिच्यानंतर सगळी टीम पत्त्यांच्या बंगल्यासारखी गेली.

झाडाखाली शकुनबाईनं डबे उघडले. पुऱ्या, बटाट्याची भाजी. म्हटलं, खा आता. एकीचाही हात पुढे झाला नाही. पुन्हा म्हटलं. सगळ्या रिंकूकडे पाहायला लागल्या. ती मान खाली घालून म्हणाली, "आमाले उपास हाय मॅडम. साऱ्याइले. घट बसले तवापासून."

मी म्हटलं, माझा नियम माहीत असून?

"सर अन् दामिनी मॅडम इथंच राहावं म्हणून देवीले नवस बोललो होतो. तुमाले सांगतलं असतं तं तुमी तोडाले लावला असता."

सात दिवस. शिंगाडे आणि पाण्यावर. त्या पोत्यातले चार मी गोड म्हणून खाल्ले.

राग आला होता, तो कुठे ठेवावा कळेना. या पोरी माझ्या माणसांसाठी उपाशी खेळल्या आणि त्यामुळेच माझी माणसं गेली. रिंकूच्या डोक्यावर हात ठेवला.

मग तिघांकडे वळले. "कोणाले माहीत होतं?" टेकचंदनं दामिनीकडे पाहिलं, दामिनीनं शकुनबाईकडे. तिघांनाही माहीत होतं.

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

दामिनी रडायला लागली. "आली होती मॅडम सांगाले. तुमच्या दारातच तोंड बंद झालं."

टेकचंद म्हणाला, "मी सराव कमी करा म्हणलो होतो." एवढंच. बाकी मी ओळखायचं होतं!

शकुनबाई मात्र सरळ बोलली. "तुमी पोरीले टीमच्या बाहेर काहाडलं असतं, रंजूबाई. त्याच्यापेक्षा म्या म्हणलं, शिंगाडे तं शिंगाडे, पोटात काही तं जाते."

२९ सप्टेंबर

तिघांशी बोलले नाही. भित्रे आहेत. विश्वासानं आणलं आणि ऐन वेळी तोंडात मिठाची गुळणी.

मंगेश असता तर पहिल्याच दिवशी दारात उभा राहिला असता. हे लिहिताना दात-ओठ खातेय, पण खरं आहे.

३० सप्टेंबर

अध्यक्षांनी शब्द पाळला. दिवाळीपर्यंत. मी खूप सांगून पाहिलं — मुली पहा, पुढचं वर्ष पहा, मला काढा हवं तर. ते म्हणाले, "तुमाले कोन काहाडते? तुमी चांगल्या हाय." भाचा मैदान पाहून गेला. बकऱ्या कुणाच्या म्हणून विचारत होता.

२ ऑक्टोबर, दसरा

मुली सोनं द्यायला आल्या. उपास सुटले होते. रिंकू पाया पडली आणि म्हणाली, "पुढच्या साली जेवून खेळू मॅडम." हसू आलं. पुढच्या साली तिला पकड कोण शिकवणार, हे तिनं विचारलं नाही.

४ ऑक्टोबर

टेकचंदला बोलावलं. दोन मुलं शाळेत, खोली इथली, नोकरी दिवाळीपर्यंत. म्हटलं, जुन्या शाळेत परत घेतील? म्हणाला, "मंगेश सरले पुसा लागन. आता तेच पाह्यते तिकडचं."

मग तूच विचार ना, म्हटलं.

तो खाली पाहत चपला घालायला लागला.

धनराजला फोनवर सांगितलं तर म्हणे, "लाव फोन मंगेशले. कमीपणा आला तं तुले येईन, पोटाले तं टेकचंदच्या पोराइले लागते." कधीकधी तो शहाण्यासारखं बोलतो.

५ ऑक्टोबर

मंगेशला फोन केला. टेकचंदची जागा अजून भरली नाही, दामिनीचंही पाहतो म्हणाला. आढेवेढे नाहीत. मग मला राहवलं नाही. म्हटलं, चुकलं माझं, तुला आणायला पाहिजे होतं. तू असतास तर उपासाचं पहिल्या दिवशी सांगितलं असतंस.

तो म्हणाला, "मले काय मालूम राह्यलं असतं मॅडम? मले कधीच काही मालूम नसे. हे तिघं सकायी चहाले माह्या घरी येत. पोरीचा घोटा दामिनी सांगे, पहाटेचा सराव टेकचंद. हाताखाली बाई पायजे, हे शकुनबाई सांगे. तेच ठरवत, अन् तुमच्या दारात धाडत मले. मी म्हणो, तुमीच बोला ना. तं म्हणत, तुमाले मॅडमचा राग सोसते, आमाले नाही सोसत."

उद्या सकाळी तिघांना चहाला बोलावलंय, माझ्या खोलीवर. येतात का पाहायचं.