सोमेशच्या डब्याचं बटण

चि. वैजनाथ यास,

देगलूरहून कमलअक्काचे आशीर्वाद, आणि घरात सगळ्यांना शरणार्थ. तुझा गुडघा कसा आहे? लातूरला डॉक्टरांची वानवा नाही, तेव्हा तेल चोळत बसू नकोस, दाखवून घे. इथे समोरच्या तुझ्या घराचं कुलूप शाबूत आहे. गच्ची मी परवाच झाडून घेतली. गल्लीत सगळ्यांत उंच तीच, त्यामुळे कबुतरांचाही तिच्यावर डोळा असतो.

आता मुख्य हकीकत. आपल्या गल्लीत इंटरनेटची तार एकट्या सोमेश केबलवाल्याची. मोबाईलची रेंज म्हणशील तर ती चौकात जाऊन हात वर केला की येते (शेजारच्या साखराबाईंचा लेक रोज तसा उभा असतो, रिक्षावाले त्याच्यासाठी थांबतात आणि शिव्या देऊन जातात). या सोमेशने दिवाळीनंतर भाडं एकदम दीडपट केलं. मी दुकानात जाऊन जाब विचारला, तर मान वर न करता म्हणतो, "अक्का, परवडत नसंल तर दुसऱ्याकडं जावा की. पण दुसरा हाय कुठं?"

मी नांदेडला अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले आहे, हे तो विसरला असावा. विकणारा एकच असला की भाव चढतो आणि माल रखडतो, हे मी त्याला उभ्या उभ्या समजावलं. आपल्या टेलिफोनचं उदाहरण दिलं. तेव्हा तारही एकाच खात्याची. अण्णांनी अर्ज केला तेव्हा तू शाळेतही जात नव्हतास, आणि फोन बसला तो तुझ्या वरातीच्या दिवशी. (पहिला फोन मंडपवाल्याचा होता. खुर्च्या मोजून ठेवा म्हणाला.) पुढे त्याच तारेवरून इंटरनेट आलं, तर त्याचे पैसे वेगळे, आणि तेवढा वेळ फोन लागलेला म्हणून फोनचं बिल वेगळं. ह्यांनी एकदा भाच्याचा निकाल बघायला संगणक जोडला होता. पान उघडेपर्यंत भाचा नापास होऊन, रडून, जेवून झोपलाही होता. अशाने गावात इंटरनेट पसरणार कसं? सोमेशने सगळं ऐकून घेतलं आणि जांभई दिली.

मात्र गल्लीभर तारा जिथून फुटतात तो त्याचा डबा आमच्या गच्चीवर आहे, आणि डब्याला वीज जाते आमच्या जिन्यातल्या बटणावरून. मी घरी आले, चप्पल काढली आणि बटण बंद केलं.

सगळी गल्ली ओट्यावर आली. काही शेजाऱ्यांनी एकमेकांचे चेहरे त्या दिवशी प्रथमच नीट पाहिले. साखराबाई खालून ओरडल्या, "अक्का, भांडण सोमेशचं अन् मरण आमचं करून राहिल्या का?" संध्याकाळी सोमेश केळी घेऊन आला आणि भाडं पहिल्यासारखं करून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बटण चालू करायचंच होतं. पण म्हटलं, एवढं केलंच आहे तर थोडी शिस्तही लागू दे. आता पोरांचा अभ्यास होईपर्यंत इंटरनेट नाही. एकाच्याही दारात कचरा दिसला तर सगळ्यांचं बंद (त्यामुळे लक्ष ठेवायला मला वेगळा माणूस लागत नाही). जेवणं झाली की सरळ बंद. गल्ली कशी लख्ख झाली आहे! लोक पपई, शेंगा, ताजं लोणी आणून देतात. मी मागत नाही. परत पाठवणं बरं दिसत नाही. साखराबाई म्हणतात, "सोमेश बरा होता, नुसते पैसेच घ्यायचा." अर्थशास्त्र न शिकल्याचे परिणाम. जिथे पैसा घेतला जात नाही त्याला मक्तेदारी म्हणत नाहीत, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

सुकन्याला सांभाळ, गुडघ्याला जप.

तुझी,
कमलअक्का

ता. क. नांदेडच्या कुठल्याशा नव्या कंपनीचा माणूस गल्लीत फिरून गेला. सोमेशपेक्षा स्वस्त देतो म्हणतो. तार आणायला त्याला उंच गच्ची हवी, म्हणजे तुझीच. फोन आला तर स्लॅब गळतो, भिंती कच्च्या आहेत, असं सांग. तो भाडं देऊ करेल आणि तू पाघळशील, मला माहीत आहे. पाघळू नकोस. एका गल्लीला एक तार पुरे.

आणखी ता. क. तुझा नंबर त्याला ह्यांनीच दिला, असं आज सकाळी कळलं. घरातला पासवर्ड मी बदलला आहे. हे सकाळपासून चौकात हात वर करून उभे आहेत.