रॉकचा तास आणि अनुष्टुभ

सर, एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. स्टुडिओतल्या माझ्या हेडफोनच्या गाद्यांचा काळा चुरा पडतो. तो कानांवर बसतो, मानेवर उतरतो, आणि लोकांना वाटतं मी केसांना कलप लावतो, तोही निष्काळजीपणे. नवा हेडफोन मागितला तर आमची स्टेशन हेड म्हणाली, "सर, हा वाजतोय ना?" ती माझ्या मुलीच्या वयाची आहे, तिच्याशी काय वाद घालणार? म्हणून तक्रार तुमच्याकडे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटली, तेव्हा निकाल लगेच लागेल अशी अपेक्षा नाही.

तिनंच आता एक गोष्ट सोमवारपर्यंत ठरवायला सांगितलीय. शनिवारचा रॉकचा तास ठेवायचा की बंद करायचा? आधी रेडिओच्या सरकारी केंद्रावर आणि मग या खासगी स्टेशनवर, अर्धं आयुष्य मी तो चालवतोय. "वरचे बंद करा म्हणतात," ती म्हणाली, "पण संगीत तुम्हाला कळतं. तुम्ही ठेवा म्हणालात तर मी भांडते."

सरकारी केंद्रावरचे दिवस तुम्हाला आठवत असतील. गाणाऱ्याचा आवाज सुरू होण्याआधी जे नुसतं वाजतं, तेवढ्यात निवेदकानं बोलणं आटपायचं असतं. बाकीचे निवेदक घड्याळाकडे बघत. मी गाणं आधी ऐकताना अनुष्टुभ मोजायचो. तुम्ही आठवीत संस्कृतच्या तासाला शिकवलेल्या चालीत एक श्लोक म्हणजे साधारण बारा सेकंद. एका शनिवारी दुपारी सवयीनं तोच श्लोक पुटपुटत बसलो आणि माइक बंद करायला विसरलो. विजेच्या गिटारवर माझा अख्खा अनुष्टुभ औरंगाबादभर गेला. (शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. आमची जिंगल मीच पुन्हा रेकॉर्ड केली, एक श्वास जास्त लागतो.) पहिला फोन लासूर स्टेशनहून आला. "गाणं लई भारी हाय साहेब, पण मधी पूजा कशाची?" काचेपलीकडून आमचे तंत्रज्ञ, ज्यांना सगळेच भाईजान म्हणत, हात जोडून ओरडले, "पंडितजी, गिटार कू जनेऊ पिना दिए तुम!"

दुसऱ्या दिवशी तुम्ही छावणीतल्या घरी बोलावलंत. मी नोकरी गेल्यासारखा चेहरा करून स्वयंपाकघरात उभा आहे आणि तुम्ही पिठलं ढवळताय.

"चौथ्या चरणात घाई केलीस."

"एवढंच, सर?"

"नाय, अजून आहे. गाणं लागायच्या आधीच सांगतोस की ते अप्रतिम आहे. मग आम्ही काय करायचं, नुसत्या माना डोलवायच्या? आणलंयस का ते? लाव. पूर्ण लाव."

मी कॅसेट लावली. तुम्ही तिचं कव्हर चष्म्याजवळ धरलंत.

"ढोलवाला कष्टाळू आहे. पण हा गाणारा कुणावर चिडलाय?"

"व्यवस्थेवर, सर."

"त्याला एवढे केस लागतात?"

मला राग आला होता, आज सांगतो. मग शेवटी ती गिटार एकटीच वाजायला लागली आणि तुमचा हात थांबला. तुम्ही स्टोव्ह बंद केलात. "एवढंच परत लाव." तीनदा लावलं. पिठल्याच्या गाठी झाल्या, आपण त्या तशाच खाल्ल्या.

तेव्हा माझं मत असं होतं की रॉक न ऐकणारा माणूस अर्धशिक्षित. तिशीत मी सकाळच्या कार्यक्रमात हिंदी सिनेमाची गाणी लावायचो, पगारासाठी, नाक वर करून. चाळिशीत एका टपरीवर जुनं गाणं संपेपर्यंत चहा थंड होऊ दिला आणि कुणाला सांगितलं नाही. पुढं भाईजाननी कव्वाली ऐकवली. मग मी माइकवर जाहीर केलं की रॉकमध्ये निम्मा गोंगाट असतो आणि निम्मे केस. विनोद तुमचाच होता, नाव मात्र घेतलं नाही. आता यादी संगणक देतो. गाणी तोंड उघडूनच जन्माला येतात, आधीचं वाजणं उरलेलंच नाही. बारा सेकंद कुठून आणू? रॉकचा तास तेवढा वेगळा राहिलाय. तिथं अजून गाणं शेवटपर्यंत वाजतं. हा मुद्दा मी कागदावर नीट मांडून ठेवलाय, तुम्ही शिकवलंत तसा, आधी पूर्वपक्ष आणि मग उत्तर. ती पोरगी तो घेऊन भांडेल आणि बहुधा जिंकेल.

हे पत्र कुठं पाठवणार? खणात राहील. म्हणून तिच्या कागदात जे लिहिलं नाही ते इथं लिहितो. गेल्या दिवाळीपासून मी स्वतःसाठी एकही गाणं लावलेलं नाही. रॉक नाही, कव्वाली नाही. गाडीत बसलो की पहिल्यांदा रेडिओ बंद करतो. मुद्दाम लावून बघितलं, सर. कोण वाजवतंय, कुठल्या काळातलं आहे, सगळं ओळखू येतं, पण आत काही हलत नाही. तास राहिला तर मी दर शनिवारी तिथं बसून छान बोलेन, आणि कुणाच्याही काही लक्षात येणार नाही. मला त्याची भीती वाटते.